ओटीवरून दाखवलेले घर

आमच्या शेजारच्या अण्णांची आठवण काढायची म्हणजे आधी मला राग आवरावा लागतो, आणि या वयात तो आवरत नाही. माझी सून म्हणते, "सासूबाई, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं." लिहिते. अण्णा रोज पहाटे थंड पाण्याने आंघोळ करीत आणि त्यांचे अक्षर फार सुरेख होते. चांगले जे होते ते इथे संपले.

मी लग्न होऊन ठाकूरद्वारच्या वाडीत आले तेव्हा चौदा वर्षांची होते. वाडीत आठ-दहा कौलारू घरे, कोपऱ्यात मारुतीचे देऊळ. आमच्या भिंतीला भिंत लागून काशीताईंचे घर. ताईंच्या वडिलांना मुलगा नव्हता, त्यामुळे त्यांच्या मागे ते घर कायद्याने ताईंच्या नावावर झाले होते. ताई विधवा. पदरात एकच मुलगी, मनू. मनूचा नवराही लग्नाला वर्ष व्हायच्या आत पटकीने गेला आणि दहा वर्षांची पोर माहेरी परत आली. अशा दोघी मायलेकी त्या घरात राहत, आणि घराचे मालक म्हणून मिरवत ते अण्णा.

अण्णा म्हणजे ताईंचे चुलतभाऊ. ताईंचे वडील वारले तेव्हा तेराव्यापर्यंत मदतीला म्हणून आले. ओटीलगतच्या खोलीत त्यांची वळकटी जी सुटली ती नऊ वर्षे पुन्हा बांधली गेली नाही. सरकारी कचेरीत ते कारकून होते आणि पेन्शन घेऊन बसले होते. पण त्यांच्या हेडक्लार्कला एकदा ताप आला होता आणि अकरा दिवस अण्णांनी त्याचे टेबल सांभाळले होते. त्या अकरा दिवसांवर त्यांनी उरलेला जन्म काढला. देवळातल्या पुजाऱ्याने नैवेद्याला उशीर केला तरी अण्णा म्हणत, "आम्ही हेडक्लार्क असताना असं चालत नसे."

कोणी काही विचारले की त्यांनी लगेच उत्तर दिले असे कधी झाले नाही. तपकिरीची डबी काढायची, टिचकी मारायची, चिमूट नाकाशी न्यायची, तिथे थांबायचे, आणि म्हणायचे, "प्रकरण विचाराधीन आहे." आज भाजी कोणती करू, या प्रश्नालाही हेच उत्तर. ताई मग आपल्या मनाने दुधी चिरीत, आणि जेवताना अण्णा सांगत की आमच्याही मनात दुधीच होता.

हे सगळे हसण्यावारी नेता आले असते. पण मनू तेराव्यात आली आणि न्हाती-धुती झाली. केस दाट, कंबरेच्या खाली गेलेले. ती पाठमोरी विहिरीवर उभी राहिली की आमच्या सासूबाईसुद्धा नजर लागू नये म्हणून दुसरीकडे बघत. अण्णांना मात्र ते केस घराण्याच्या अब्रूवरचा डाग वाटू लागले. या एकाच बाबतीत त्यांनी तपकीरसुद्धा ओढली नाही. ताईंना बोलावून सांगितले, "अक्षय्य तृतीया झाली की पुढल्या बुधवारी न्हाव्याला बोलवायचं. पोरीचं वय झालं. आता एक दिवस थांबणं नाही."

ताईंच्या डोक्यावर वस्तरा फिरला तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. त्या कधी त्याबद्दल बोलत नसत. त्या संध्याकाळी मात्र आमच्याकडे आल्या, सासूबाईंच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, माझं झालं ते झालं. तिचं मी होऊ देणार नाही."

पुण्याला त्यांची मामेबहीण होती. तिचे यजमान शाळेत मास्तर, नव्या विचारांचे. त्यांनी कळवले होते की मायलेकी इकडे या, मनूला मुलींच्या शाळेत घालू. पण दुसऱ्याच्या घरी जन्मभर कशावर राहायचे? आणि घर अण्णांच्या ताब्यात ठेवून गेले तर ते पुन्हा सुटणार नाही, हे वाडीतल्या मांजरालाही कळत होते. म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत घर विकायचे आणि निघायचे. तेव्हा माघ चालू होता. ताईंनी अण्णांना पुण्याचे नाव सांगितले नाही. घर आता झेपत नाही, विकते आणि नाशकाला गंगेकाठी जाऊन राहते, एवढेच म्हणाल्या. अण्णा चटकन कबूल झाले. नाशकातल्या घरालाही ओटी असणारच, असा त्यांनी विचार केला असावा. शिवाय घर विकायचे म्हणजे कागद, भेटीगाठी, पत्रव्यवहार. त्यांच्या अंगात पुन्हा हेडक्लार्क संचारला.

घर लोकांना दाखवायचे कसे, हा आमच्या सासूबाईंच्या मते प्रश्नच नव्हता. त्या म्हणाल्या, "केर काढा, दारं-खिडक्या उघड्या टाका आणि ज्याला बघायचंय त्याला बघू द्या. चौघं एकाच दिवशी आली तर उत्तमच. एकाला बघून दुसऱ्याला हाव सुटते."

"वहिनी, हा काही भाजीबाजार नव्हे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी डबी काढली.

आठ दिवस प्रकरण विचाराधीन राहिले. नवव्या दिवशी फुलस्केप कागदावर, समास सोडून, त्या सुरेख अक्षरात अकरा कलमे तयार झाली. घर फक्त सोमवारी आणि गुरुवारी, दहा ते अकरा दाखवले जाईल. एका वेळी एकच गिऱ्हाईक. दोघे एकमेकांना दिसता कामा नयेत, भाव पडतो. येणाऱ्याने आदल्या दिवशी चिठ्ठी पाठवून आपले नाव, गाव आणि गोत्र कळवावे. बाकीची मी विसरले. पण नववे कलम जन्मात विसरणार नाही: कोणाही परपुरुषाने ओटीच्या आत पाऊल टाकू नये, कारण आत देवघर आहे, सोवळ्याचे स्वयंपाकघर आहे आणि बायकामाणसे आहेत.

आमच्या घरातल्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, विचारले, "मग अण्णा, घर बघायचं कसं?"

"बघायचं कशाला? आम्ही सांगू."

आणि सांगण्याची त्यांनी तालीमही केली. आमच्या घरातल्यांना गिऱ्हाईक करून जाजमावर बसवले. मी आमच्या खिडकीच्या गजांआडून बघत होते. अण्णा हातात वेताची छडी घेऊन भिंतीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "या भिंतीपलीकडे माजघर आहे असे समजावे. लांबी सोळा हात. त्यापलीकडे स्वयंपाकघर आहे असे समजावे."

"उजेड कसा आहे?"

"उजेड कलम सातमध्ये येतो. मधे बोलू नये."

आमच्या घरातल्यांना हसू आवरेना. ते म्हणाले, "समजलो. पण अण्णा, भिंतीपलीकडे खरोखर घर आहे, हे तरी गिऱ्हाइकाला पटायला हवं ना?" यावर अण्णा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस फार छान गेले.

पहिले खरे गिऱ्हाईक फाल्गुनात आले. कापडाचे व्यापारी, गुजराती शेठ, अंगाने भारी आणि स्वभावाने गोड. त्यांनी गोत्र कळवले नव्हते, पण पहिलेच गिऱ्हाईक म्हणून अण्णांनी ते सोडून दिले आणि याची जाणीव त्यांना तीनदा करून दिली. मग छडी घेऊन सुरुवात केली. शेठ बिचारे भिंतीकडे बघत बसले. अर्धा तास झाला तेव्हा उठून दाराकडे निघाले, तर अण्णा छडी आडवी धरून उंबऱ्यात उभे.

"अरे भाऊ, रसोडा तर बघू द्या!"

"नियमात बसत नाही."

"अण्णासाहेब," शेठ जोडे घालत म्हणाले, "तुमी घर विकते का पुरान वाचते?"

ते गेल्यावर अण्णांनी कागदावर शेरा लिहिला, गिऱ्हाईक गंभीर नव्हते.

दुसरे गिऱ्हाईक आले ते मुगभाटातले एक वकील. हे मात्र फार मनापासून आले होते. त्यांना वाडीतच घर हवे होते. कोर्टाच्या घाईत निघालेले, त्यांना सव्वाअकरा झाले. अण्णांनी घड्याळ काढून दाखवले आणि परत पाठवले. पुढल्या सोमवारी ते दहाच्या ठोक्याला हजर. अण्णा म्हणाले, मागली चिठ्ठी मागल्या भेटीची होती, या भेटीची नवी कुठे आहे? वकील शांत माणूस. ते म्हणाले, "बरं, राहिलं. चैत्राचं ऊन आहे, तांब्याभर पाणी मिळेल का?"

पाणी आतून यायचे. आत काशीताई दाराआड उभ्या होत्या, त्यांनी केव्हाच तांब्या भरला होता. पण त्या बाहेर येणार कशा, आणि मनू तरी कशी येणार? कलमे लिहिणाऱ्याने उठून तांब्या घ्यायचा, तर तो नाकाशी चिमूट धरून बसला होता. पाण्याचे कलम कागदावर नव्हते. मी दोन्ही घरांच्या मधल्या दारातून पाहत होते. वकिलांच्या जोड्यांचा आवाज वाडीबाहेर जाईपर्यंत ताई तो तांब्या हातात धरून उभ्या होत्या. पाणी हिंदकळून त्यांच्या तांबड्या आलवणावर सांडत होते आणि त्यांना ते कळत नव्हते. अक्षय्य तृतीयेला बारा दिवस उरले होते.

पुष्कळ जण पुढे म्हणत, अण्णांना घर विकायचेच नव्हते, म्हणून त्यांनी हे सगळे रचले. मला तसे वाटत नाही. तेवढा कावा त्यांच्यात होता असे म्हणणे म्हणजे त्यांना नसलेली अक्कल देणे आहे. त्यांचा आपल्या कलमांवर खराखुरा विश्वास होता. एका पोरीचे केस जाणार की राहणार हे त्या कागदावर ठरत होते, आणि हा माणूस समास सरळ आहे की नाही ते बघत होता. मला अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. दुपारी मला म्हणाल्या, "पुरुषांना आत जाता येत नाही ना? मग बायका जातील." आणि डोक्यावरचा पदर सारखा करून सरळ अण्णांच्या ओटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आमचे माजघर अरुंद, यंदा चैत्रगौरीचे हळदीकुंकू मोठे करायचे मनात आहे, तर गौर काशीच्या माजघरात बसवू का, असे त्यांनी अगदी गरिबीने विचारले. अण्णांनी डबी काढली. पण देवी दारात आलेली, तिला विचाराधीन कसे ठेवणार? त्यांनी अकराही कलमे वाचून पाहिली. बायकांनी आत जाऊ नये असे कुठेही लिहिलेले नव्हते, कारण बायका घर बघतात हेच त्यांना माहीत नव्हते.

"हरकत नाही," ते म्हणाले.

"आमंत्रणाच्या चिठ्ठ्या तुमच्या अक्षरात झाल्या तर शोभा येईल."

अक्षराची स्तुती म्हटली की अण्णा विरघळत. सासूबाई नावे सांगत गेल्या आणि अण्णा लिहीत गेले. शेठाणीबाई. मुगभाटातल्या वकिलीणबाई. आणखी तीस-चाळीस जणी. ज्यांना आपण उंबऱ्यातून परत पाठवले त्यांच्याच बायकांना आपण आत बोलावतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. बायकांच्या गोष्टीत लक्ष घालणे त्यांना कमीपणाचे वाटे.

हळदीकुंकवाच्या दिवशी माजघरात गौर झोपाळ्यावर बसली. पुढे कलिंगडाची कमळे, करंज्या, भिजवलेले हरभरे. आंब्याच्या डाळीचा वास ओटीपर्यंत येत होता. सवाष्णींचा सण, तेव्हा ज्यांचे घर त्या दोघी कोणाच्या दृष्टीस पडायच्या नव्हत्या. काशीताई आणि मनू स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत दार ओढून बसल्या. मी पन्ह्याचे पेले फिरवत होते. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही, हे लिहायला आज लाज वाटते.

बायका आल्या. गौरीपुढे प्रत्येकीने दोन घटका बसावे, तर दोन मिनिटेही कोणी बसेना. सासूबाईंनी सगळ्यांच्या कानावर घालून ठेवले होते की घर विकाऊ आहे. एकीने धुराड्याखाली उभे राहून वर पाहिले. एकीने परसात जाऊन विहिरीचे पाणी चाखले. शेठाणीबाई माडीचा जिना चढल्या आणि धापा टाकत उतरल्या. म्हणाल्या, माझ्या गुडघ्यांना नाही जमायचं. सारे घर उलटेपालटे करून पाहिले बायकांनी. आणि बाहेर अण्णा कडक पगडी घालून, पाठ ताठ करून दाराशी बसले होते, एकही परपुरुष आत जाऊ नये म्हणून. एकही गेला नाही.

वकिलीणबाई तिशीच्या, किडकिडीत, कमी बोलणाऱ्या. स्वयंपाकघरात त्या चुलीपुढे बसून पाहू लागल्या की हातावर उजेड पडतो का. मग उठून मला म्हणाल्या, "आणि ही खोली?"

"ती... कोठी आहे. अडगळ."

त्यांनी दार लोटले. आत धान्याच्या पोत्यांवर मायलेकी बसल्या होत्या. घामाने मनूची वेणी पाठीला चिकटली होती. हळदीकुंकवाला आलेली दुसरी कोणी असती तर अपशकुन म्हणून मागे फिरली असती. बाई मान वाकवून आत गेल्या आणि त्यांनी दार पुढे केले. मी पेल्यांचे तबक घेऊन बाहेर उभी राहिले.

"घर तुमचं?" बाईंनी विचारले.

"हो."

"मग तुम्हीच सांगा."

ताई म्हणाल्या, "पश्चिमेची भिंत पावसात झिरपते. दर दोन वर्षांनी कौलं फिरवावी लागतात. वैशाखात विहिरीला गाळ येतो. बाकी घर चांगलं आहे."

"आणि ही खोली?"

"हिच्यात वारा नाही. इथे धान्य ठेवा. माणसं बसवू नका."

मग वकिलीणबाईंचा आवाज आला, "कधीपर्यंत हवंय तुम्हाला?"

याचे उत्तर मनूने दिले. "अक्षय्य तृतीयेनंतरच्या बुधवारी न्हावी येणार आहे."

बाई बाहेर आल्या, हरभऱ्यांनी ओटी भरून घेतली, गौरीला नमस्कार केला आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. कागद आमच्या माजघरात झाले. वकील आमच्या ओटीवर बसले, कागद बाईंनी आत आणले आणि ताईंनी स्वतःच्या हाताने सही केली. वकील आले त्या वेळी अण्णा देवळात पुराण ऐकत होते. त्यांना कोणी बोलावले नाही. एवढ्या मोठ्या वाडीत एकानेही त्यांच्या कानावर घातले नाही, यावरून त्यांची वाडीतली किंमत कळावी.

बुधवारी सकाळी अण्णा स्वतःच न्हाव्याला आणायला गेले. तेवढ्यात मायलेकी दोन बोचकी घेऊन निघाल्या. ताईंनी सासूबाईंना नमस्कार केला. मनूला मी मिठी मारली. तिची वेणी माझ्या हातात आली आणि मला रडू कोसळले. घोडागाडी नाक्यावरून वळली. पुढे मनू शिकली, मास्तरीण झाली, तिची पत्रे मला वर्षानुवर्षे येत होती.

गाडी जाऊन पाव तास झाला नसेल, अण्णा न्हाव्याला घेऊन वाडीत शिरले. ओटीवर वकिलीणबाई मोलकरणीकडून झाडून घेत होत्या. त्यांनी काय झाले ते दोन वाक्यांत सांगितले, आणि तुमची वळकटी खोलीतच आहे, घेऊन जा, असे म्हणून त्या आत गेल्या. अण्णा अंगणात उभे राहिले. आपापल्या दारांतून सारी वाडी बघत होती. कोणी हसले नाही.

न्हाव्याने धोकटी खाली ठेवली. तो बिचारा परळहून सकाळचे काम सोडून आला होता. "अण्णा," त्याने विचारले, "कुनाची करायची?"

अण्णांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मग पगडी काढली आणि जमिनीवर बसले. "आमची," ते म्हणाले.

त्यांची हजामत सोमवारीच झालेली होती. डोक्यावर काढण्यासारखे काही नव्हते. तरी न्हाव्याने पाणी लावले, वस्तरा परजला आणि सगळ्या डोक्यावरून फिरवला, कपाळापासून मानेपर्यंत. अण्णा गुडघ्यांत मान घालून बसून राहिले. मला ते दिसले ते हेच शेवटचे. सासूबाईंनी आतून दोनदा हाक मारली, पुरुषमाणसाकडे असं टक लावून बघू नये म्हणून. मी खिडकीतून हलले नाही. पूर्ण होईपर्यंत पाहिले.